वरून काय बघतेस, खालून बघ!

…आणि वर मलाच म्हणतो, "वरून काय बघतेस ओदेली, खालून बघ!" अहो, साठी उलटलेली बाई मी, गुडघे उठता-बसता कुरकुरतात, आणि हा माझा नवरा अंगणात पुठ्ठा अंथरून म्हणतो, पड आडवी, सरक आत आणि बघ! काय बघू? गाडीचं पोट? लोक गाडी घेतात ती बसायला घेतात की खाली झोपायला?

तुम्हाला सांगते, माझं मागणं काय होतं? मोती-पोवळी नव्हती मागितली. कॅनडातल्या गास्पेत जन्मले, गास्पेतच लग्न झालं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बटाट्याचं साल टाकलं तर समुद्रात पडेल एवढ्या जवळ समुद्र, आणि तरी जन्मात मी पोटरीच्या वर पाण्यात गेलेली नाही! जाणार कशी? ऐन जुलैत पाऊल घाला, पाऊल निळं! मग आठवडाभर लोकरीचे मोजे. म्हणून म्हटलं, तेओतीम, राजा, एक हिवाळा, एकच, मला फ्लोरिडाला ने. गरम समुद्रात एकदा गळ्यापर्यंत उभी राहीन आणि मग खुशाल मरेन.

"नेतो की!" म्हणाला. आणि घेऊन आला हे मोटरहोम, चाकांवरचं घर म्हणे. आमच्या थोरल्या लेकीपेक्षा म्हातारं! अंगावर तपकिरी पट्टे, एक आरसा मान टाकून लोंबतोय, दार उघडलं की आतून म्हाताऱ्या कुत्र्याचा वास. मी म्हटलं, "अरे, हे घर आहे की खुराडं?" तर छाती फुगवून म्हणतो, "वरून काय बघतेस, खालून बघ!" नशीब माझं, लग्नाच्या वेळी मला वरूनच बघितलं होतं!

बरं, खालून तरी होतं का काही धड? खाली सगळं काळंभोर, तुकतुकीत. माझा भाऊ ओनेझीम खूश! कारण ओनेझीम डांबरवाला. आमच्या गावात पंथ दोनच. एक डांबरवाले, गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला जाड काळा थर एकदा फासला की जन्माची ददात मिटली म्हणणारे. दुसरे तेलवाले, दर शरद ऋतूत नवं तेल मारणारे. या दोन पंथांत सोयरीक होत नाही, झाली तर टिकत नाही. ओनेझीमनं थराला टिचकी मारली, "वा! याला म्हणतात काम!" तेवढ्यात शेजारचा युलीस आला. हा कट्टर तेलवाला. त्यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, त्या तुकतुकीत थरावर टोचला… आणि दांड्यापर्यंत आत! डांबराचा पोपडा पडला आणि पाठोपाठ भुरूभुरू लाल भुगा. "बघ," युलीस म्हणाला, "डांबराखाली पाणी अडकलं की गंज आतल्या आत जेवतो. वरून नवरी, आतून पापड!"

आमच्याकडे माणूस चिडला की चर्चमधल्या एकेक पवित्र वस्तूचं नाव घेऊन शिव्या देतो, माहीतच आहे तुम्हाला. तेओतीमनं त्या दिवशी आख्खं चर्च रिकामं केलं. मेणबत्त्यासुद्धा सोडल्या नाहीत.

आणि मग जे सुरू झालं! सकाळी उठावं तर अंगणात गाडी, आणि गाडीखालून पायांच्या तीन जोड्या बाहेर. तारेच्या ब्रशाची खरखर, हातोड्याची ठकठक, आणि वाद! "इथं पत्रा मार!" "आधी घास!" "अरे, घासलं तर उरेल काय?" ओनेझीम रुसला होता हो, पोपड्याचा अपमान त्याला झोंबला होता, युलीसशी बोलत नव्हता, पण घरी जाईल तर शपथ! रुसून गाडीखालीच पडून राहायचा. मला तर माणसं तोंडानं ओळखूच येईनाशी झाली. वाटाण्याचं सूप घेऊन जायचं, वाकायचं आणि बुटांना विचारायचं, "काय रे, निघायचं कधी?" तीन आवाज एकदम: "परवा!" आणि एक आवाज वर: "तू खालून बघ तरी, ओदेली, काय सुंदर दिसायला लागलंय!"

शेवटी कुजकं कापून झालं, पत्रे जोडून झाले आणि तेल मारलं. मारलं म्हणजे? अभिषेक! लांब नळी घेऊन प्रत्येक फटीत, प्रत्येक भोकात, गाडीच्या कानाकोपऱ्यात. गाडी ठिबकायला लागली. मांजर खालून गेलं ते घसरत पलीकडे निघालं. मी आपली मनात आनंदले. नवा पोहण्याचा पोशाख घेतला होता, निळा, फुलाफुलांचा, तो बॅगेत अगदी वर ठेवला. पडदे पांढरे शिवले होते, ते लावले. म्हटलं, "निघूया?"

"छे! धूळ कुठाय?"

धूळ! आता तेल मारलं की गाडी कच्च्या रस्त्यावरून पळवायची, म्हणजे धूळ तेलावर बसते आणि तेल गळत नाही, मासा पिठात घोळवतात तसं. हे मला का माहीत नाही? माझे वडीलही तेच करायचे. पण ऑक्टोबर बघा की! पाऊस, पाऊस आणि पाऊस! रस्त्यावर चिखल, धूळ औषधालाही नाही. आणि हा रोज सकाळी जंगलातल्या लाकूडतोडीच्या रस्त्यावर जाऊन बोटानं माती चाचपून परत येतोय, "अजून ओली!"

मी म्हटलं, "अरे, बर्फ पडलं म्हणजे?" कारण बर्फ पडलं की ते वितळवायला रस्त्यावर मीठ पडणार, आणि मीठ म्हणजे गाडीला गंज. म्हणतो, "मीठ पडलं तर मग वसंतापर्यंत गाडी हलायची नाही." मी म्हटलं, "मीठ लागू नये म्हणूनच तेल लावलंस ना?" "म्हणूनच तर! एवढं तेल लावलेल्या गाडीला मीठ लावू?" "म्हणजे रेनकोट घातल्यावर पावसात जायचं नाही?" "नवा असेल तर नाही!" आता बोला! इकडे पाऊस थांबेना, तिकडे बर्फ येऊ घातलेलं, आणि मधे माझा समुद्र!

शेवटी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. धुळीसाठी! फादर म्हणाले, "काय मागितलंस, ओदेली?" म्हटलं, "धूळ, फादर." ते दचकले. म्हणाले, "अगं, धुळीतून आलो, धुळीतच जायचंय सगळ्यांना, एवढी घाई काय?" म्हटलं, "घाई मला नाही, मोटरहोमला आहे!"

पण पावली हो मेणबत्ती! ऊन पडलं, खडखडीत वारा सुटला, आणि रेडिओवर बाई म्हणाली, उद्या बर्फ. तेओतीम ओरडला, "चला!" पुढे युलीसचा ट्रक, धूळ उडवायला. मधे आम्ही. मागे ओनेझीम, चुका काढायला. युलीसनं असा काही ट्रक सोडला की धुळीची भिंतच उभी राहिली, आणि आम्ही त्या भिंतीत घुसलो. तेओतीम गातोय! स्टिअरिंगवर ताल धरून गातोय! आणि मला खोकला का येतोय म्हणून मागे वळून बघते तर… तेलाचा वास जावा म्हणून या शहाण्यानं छताची झडप आणि मागच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवलेल्या! पडदे तपकिरी. गादी तपकिरी. झाकण उडालेलं सूप… ते तर विचारूच नका. बॅगेतल्या पोशाखावरची फुलंसुद्धा वाळलेली!

गाडी थांबली. मला रडूच कोसळणार होतं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, झालं, हे धुऊन-पुसून होईतो बर्फ पडणार, मीठ पडणार, आणि मी पुन्हा खिडकीतून तोच निळा गारठा बघत बसणार. आणि नवरा कुठाय? माझ्याकडे ढुंकूनही न बघता गाडीखाली! खालून आवाज, "ओदेली! अगं ये! खालून बघ, खालून!"

गेले. रागानं गेले, दोन शिव्या द्यायला म्हणून आडवी झाले. तर हा मिशीत धूळ, भुवयांत धूळ, फक्त दात पांढरे, आणि डोळ्यांत पाणी! हातानं गाडीचं पोट थोपटतोय. म्हणाला, "आता ही तुला कुठेही नेईल. मला भीती वाटत होती गं, वाटेत मोडली तर तुझा समुद्र राहील." मेल्यानं आधी सांगायचं ना! मला जे हसू फुटलं… दोघं गाडीखाली पडून हसतोय, हसतोय, आणि शेजारून ओनेझीमचा आवाज, "हं. वाईट नाही." डांबरवाल्याच्या तोंडून!

मी म्हटलं, "तेओतीम, ऊठ. धूळ जाईल वाटेत. आत्ताच्या आत्ता निघ!" आणि निघालो, तसेच, भुतांसारखे! न्यूयॉर्कात पडदे झटकले, व्हर्जिनियात गादी, जॉर्जियात केस. मागे म्हणे गावात मीठ पडलं, पडू दे!

फ्लोरिडात शिरलो. खिडकीतून खारा वारा आला आणि मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. आणि याने गाडी उजवीकडे वळवली. "अरे, समुद्र डावीकडे!" "तेच तर," म्हणाला, "हवेत मीठ आहे, ओदेली!"

तर आम्ही राहतो संत्र्यांच्या बागेशेजारी, गाईंच्या सोबतीनं. समुद्रावर बसनं जातो. जातो म्हणजे दोघं जातो! पहिल्या दिवशी हात धरून गळ्यापर्यंत उभे राहिलो, पाणी असं कोमट, असं कोमट, की मी मोठ्यानं देवाचे आभार मानले आणि बाजूच्या बाईनं पण मानले. आता रोज जातो. आणि रोज परत आलं की मला दाराबाहेर उभी करतो, नळी आणतो, खाली वाकतो, माझे तळपाय धुतो, पुसतो, उलटसुलट करून नीट निरखतो, आणि काय म्हणतो माहितेय? "गंज नाही!" एवढ्या वर्षांच्या संसारात पहिलंच कौतुक, म्हटलं, पदरात पाडून घ्या!