चार तास दहा मिनिटं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या हौशी विद्युत मंडळाचे बंधुभगिनी, आणि लेकीकडे कायमच्या राहायला निघालेल्या आमच्या बॅटरीबाई,

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. मी घड्याळजी, वेळ पाळेन. गोडाचं मात्र कबूल करत नाही. आत्ताच वाचलेलं मानपत्र ऐकून माझं डोकं फिरलंय. म्हणे, "मंडळाच्या प्रत्येक यशस्वी प्रयोगात बाईंचा सहभाग होता." कोणत्या यशस्वी प्रयोगात हो? चिटणीस, खाली बघू नका, तुमचंच अक्षर आहे.

पाहुण्यांसाठी सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक सर्किट केलं. बॅटरीवर छोटी मोटर फिरवायची आणि तिच्या तारेच्या वेटोळ्यातून उसळणारी वीज परत त्याच बॅटरीत सोडायची. तासभर मोटर चालवली, बंद केली, सावकाश चहा घेतला, मीटर लावला, तर काटा पुन्हा वर! मग काय, अध्यक्षांनी मला मिठीच मारली. न संपणाऱ्या बॅटरीचा दिवा करून दवाखान्याच्या जिन्यावर लावायचं ठरलं. त्या जिन्याला खिडकी नाही. वीज गेली की भर दुपारीसुद्धा बाळंतिणीला चाचपडत खाली आणावं लागे.

बाईंची बत्तीस वर्षं बस डेपोच्या बॅटरीखोलीत गेली. अ‍ॅसिडने पदराला भोकं पडलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "दमलेला माणूस जरा टेकला की तरतरीत दिसतो. म्हणून तो जेवला का? काटा काय बघता, दिवा लावून बघा."

लावला. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर तो पाच तास जळला. बॅटरी पुन्हा भरली, तासभर आमचं सर्किट चालवलं आणि तोच दिवा लावला. चार तास दहा मिनिटं! घड्याळ माझं होतं आणि मी जागचा हललो नव्हतो.

"डेपोतल्या बाईला यातलं काय कळतंय?" हे याच सभागृहात कोण म्हणालं, ते सांगत नाही. ते पहिल्या रांगेत आहेत आणि त्यांना घाम फुटलाय. त्यानंतर बाईंना बैठकीचा निरोप जाईनासा झाला आणि आमचा दिवा वाजतगाजत जिन्यावर लागला. तिसऱ्यांदा वीज गेली तेव्हा तो मधेच विझला. नर्सताई एका हाताने बाळंतिणीला धरून पायाने पायरी शोधत होत्या. नशीब म्हणून दोघी पडल्या नाहीत.

बाईंना हे कळलं. सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांनी आमचं सर्किट काढलं आणि साधी बॅटरी, साधा चार्जर बसवला. तो दिवा आजही नीट जळतो. खाली पाटी आहे आपल्या मंडळाची! मी गुडघा दाखवायला गेलो तेव्हा नर्सताईंनी सांगितलं. बाई कुणाकडे चकार शब्द बोलल्या नाहीत.

आता तुम्ही मनात म्हणाल, घड्याळजी, तुम्ही तेव्हा कुठे होतात? मी इथेच होतो. अध्यक्षांनी विचारलं, "घड्याळात काही दोष असेल का हो?" आणि मी मान डोलावली. मंडळाच्या प्रयोगांच्या वहीत बाईंच्या त्या चाचणीच्या नोंदीपुढे शेरा आहे, "घड्याळ मागे पडल्याने वेळ चुकीची." अक्षर माझं. उभा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतःच्या घड्याळावर खोटा आळ घेतला. हे बघा, तेच मनगटावर आहे. आजवर मिनिटभर मागे पडलेलं नाही. लाज वाटते मला.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. शेवटी उणंअधिक बोलल्याबद्दल सभेची क्षमा मागायची रीत आहे. सभेची मी मागणार नाही. ती तुमची मागतो, बाई. वही सोबत आणली आहे. तो शेरा सगळ्यांसमोर खोडतो आणि खाली लिहितो, घड्याळ बरोबर होतं.

चिटणीस, पेन द्या.