अंबाबाईला वाहिलेला आवाज

मंडळी, बसलात का सगळे? मागच्या काकू, पुढं सरका की! मारुतीराया काही तिकीट मागत नाही!

आता एक विचारते. रागवायचं नाही हं. माझ्या वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावलीय, की हा प्रश्न देवळात, कीर्तनाला उभी राहून, एवढ्या मोठ्या माणसांसमोर, तू विचारूच शकणार नाहीस. तर घ्या, विचारते — तुम्ही मोठी माणसं एवढं ओरडता का हो?

हसलात! आणि पेटीवाले काका सगळ्यात मोठ्यानं हसले. म्हणजे यांच्या घरी काय चालतं ते कळलं!

नाही, पण खरंच सांगा. शेजारच्या मुलाला आपण 'ये रे बाळा' म्हणतो. आणि आपल्या पोटच्याला काय म्हणतो? जाऊ दे, देवळात बसलोय आपण. जिथं माया जास्त, तिथंच आवाज जास्त! असं का? आणि त्या आवाजानं त्या लेकराचं होतं काय? शास्त्र काढून सांगायला लागले तर तुम्ही पेंगाल. म्हणून आख्यान सांगते. यात राजा नाही, राक्षस नाही, वनवास नाही. यात फुटबॉल आहे!

हां! आता कसे ताठ बसले बघा सगळे. अहो, कोल्हापूर आहे हे!

तर ऐका. आपल्याच गावात गंगावती कॉलेज. तिथं मुलींचा फुटबॉल संघ. आणि त्या संघाची फॉरवर्ड — अकरावीतली ईश्वरी सरनाईक. घरात, गल्लीत सगळ्यांची इशू. पाय असा, की चेंडू दोरीनं बांधलाय म्हणावं. आणि हिचे वडील संभाजी सरनाईक, पेठेचे आप्पा. मोटार रिवायंडिंगचं दुकान. पण दुकानापेक्षा प्रसिद्ध काय? आवाज! आप्पांनी दुकानातून चहा सांगितला, की चार हॉटेलांतून चार चहा यायचे!

इशू चालायला लागली तेव्हापासून आप्पांनी तिच्या पायाशी चेंडू ठेवला. गल्लीतले काका-मामा भिंतीला टेकून उभे. आप्पा म्हणायचे, "हाण!" — आणि ती एवढीशी पोर हाणायची. सगळे टाळ्या वाजवायचे. लहानपणीचं वळण ते. अंगात मुरलं.

आता काय झालं? कॉलेजच्या स्पर्धा लागल्या, आणि गंगावतीला गोलच होईना! चाली झकास. चेंडू गोलसमोरच्या चौकोनापर्यंत, मोठ्या डीपर्यंत जातो, इशूच्या पायावर येतो — आणि मग? एक तर आभाळात, नाही तर समोरच्या गोलकीपरच्या पोटात! मागं बचाव भक्कम, म्हणून हरल्या नाहीत. पण बरोबरीवर बरोबरी. शेवटचा सामना राहिला. जिंकला तर पुढची फेरी, नाही तर घरी.

आणि इशूचं तेवढ्यावर भागत नव्हतं. आप्पा दुपारी जेवताना म्हणाले होते, "बारावी तोंडावर आलीया. ह्या मॅचला गोल घातलास तर खेळ. न्हाई तर बूट माळ्यावर."

आई म्हणाली, "अहो, पोरीच्या घशाखाली घास तरी उतरू दे."

उतरला नाही. मंडळी, ज्या मुलीला खेळाशिवाय दुसरं काही सुचत नाही, तिला 'बूट माळ्यावर' म्हणजे काय वाटलं असेल? पक्ष्याला म्हणायचं, पंख कपाटात ठेव, परीक्षेनंतर देतो!

त्याच संध्याकाळी आईनं तिला दूध आणायला कट्ट्यावर धाडलं. म्हैस समोर उभी, धार चरवीत पडतेय, माणसं फेसाळ दुधाचे ग्लास हातात घेऊन उभी. आणि चर्चा कशाची? गोल का होत नाही!

"पोरींच्या पायात जोर न्हाई," बापू खराडे सांगत होते. पेठेतले सगळ्यात जुने शौकीन. धोतराला फुटबॉलची माती लागलेली, असं लोक म्हणायचे. "पांढरा रस्सा पाजा, बघा कसा गोल हुतोय!"

"अवो बापू, माझी भाची त्याच टीममध्ये बॅक हाय. वाट्यावर वाट्या पिती. रश्श्यानं गोल हुतो व्हय?"

"मग त्या कोच मुल्ला मॅडमचं चुकतंय. तीन फॉरवर्ड कशाला? दोनच ठिवायच्या!"

"खुळा का काय? चार ठिवा!"

"त्ये काय न्हाई. गोलपोस्ट दक्षिणेला हाय. दक्षिणेला तोंड करून कुणाचं भलं झालंय?"

"अरं लेका, हाफटाइमनंतर बाजू बदलत्यात! मग उत्तरंला का झाला न्हाई?"

मंडळी, मॅडमचं चुकलं, पायांचं चुकलं, दिशेचं चुकलं! सगळ्यांचं चुकलं, फक्त ग्लास धरलेल्यांचं नाही. ओळखीचं वाटतंय का काही?

तेवढ्यात कुणीतरी मागं उभं राहून हे सगळं ऐकणाऱ्या इशूला बघितलं. "ही बघा, आलीच! काय गं इशू, हाणत का न्हाईस?"

इशू किटली धरून उभी. "हाणतोय की काका." — हो, कोल्हापूरच्या मुली आपण, 'हाणतोय'च म्हणणार!

"आम्ही हाण म्हणतो, तवाच हाणतीस न्हवं?"

"व्हय. तवाच."

"मग आमचं काय चुकलं?" बापूंनी हात वर केले.

ऐकलंत ना? उत्तर तिथंच कट्ट्यावर पडलं होतं, आणि म्हैस सोडून कुणाचंही तिकडं लक्ष गेलं नाही! इशूचंसुद्धा नाही. तिला वाटलं, मीच कमी पडतोय. किटली उचलली आणि दूध सांडत घरी निघाली.

ती गेल्यावर बापू म्हणाले, "आता आईलाच साकडं घालायचं. अंबाबाईला नवस बोलू. पर नवस म्हंजे जे लई आवडतं, ते सोडाय लागतंय."

"मटण?" कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांचे ग्लास ओठांशीच थांबले! म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघायला लागली!

"मटण नको," एक जण हळूच म्हणाला. "उद्या रविवार हाय."

हसू नका, तुमच्यातले किती जण आत्ता 'बरं झालं' म्हणाले ते मी ओठांवरून ओळखलंय!

तेव्हा आप्पा पुढं आले. दुकान बंद करून नुकतेच आलेले. म्हणाले, "माझं सगळ्यात आवडतं माझं त्वांड हाय. आवाज सोडतो. उद्या मॅच सुरू झाल्यापासनं आईच्या पायरीवर डोकं टेकूस्तोवर चकार शब्द बोलायचा न्हाई!"

आप्पा आणि गप्प? म्हणजे सूर्यानं म्हणावं, उद्या सुट्टी! पण आप्पांचे डोळे बघून एकेकजण हात पुढं करायला लागला. "मी बी." "मी बी." बापू म्हणाले, "पोरींना कळू द्यायचं न्हाई. सांगितलेला नवस फळत न्हाई."

माया नव्हती का मंडळी? होती! पोरीला धमकी देणारा बाप पोरीसाठी आपला प्राण देवीला वाहत होता. पण हे पोरीला कुठं माहीत?

दुसऱ्या दिवशी स्टेडियम भरलं. शिट्टी झाली. काटा किर्र, अटीतटीचा सामना! चेंडू इशूकडं आला — आणि गॅलरीतून आवाज... नाही!

इशू दचकली. वर बघितलं. सगळे जागेवर आहेत. बापूंनी तोंडात रुमाल कोंबलाय. हलगीवाला हलगी मांडीवर पालथी घालून बसलाय. एकाला शिंक आली, तर त्यानं कान धरून देवीची माफी मागितली! समोरच्या गॅलरीतले विचारायला लागले, "आरं, ह्यांच्यातलं कोण गेलं का काय?" आणि आप्पा? उपरणं दातात धरून, मान खाली!

तिला वाटलं, संपलं. आप्पांनी मला सोडून दिलं. ओरडायच्या लायकीचीसुद्धा राहिलो नाही मी!

बघा गंमत! ज्या आवाजानं बांधलं होतं, तो सुटला, तर पाखरू उडायचं सोडून रडायला लागलं! सवय हो, सवय. पहिला अर्धा वेळ तिनं काय केलं? चेंडू आला की गॅलरीकडं बघायची. कुणी सांगेल, मग करू. तोवर चेंडू गेलेला असायचा!

हाफटाइमला मुल्ला मॅडमनी तिला बाजूला घेतलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ईश्वरी, चेंडू मैदानात आहे. वर काय शोधतेस?"

इशूनं तोंडावर पाणी मारलं आणि परत आत गेली.

आणि मग, मंडळी, तिला ऐकू यायला लागलं! आधी आपलाच श्वास. मग मातीवर बूट घासल्याचा आवाज. मग मागची बॅक म्हणतेय, "मॅन ऑन! मागं बघ!" आणि डावीकडून एक बारीक, चिरका आवाज, "इशू! इकडं! मी मोकळी हाय!"

ती होती नगमा बागवान. डावी विंग. चेंडू बाहेर गेला तेव्हा इशू धावत तिच्याजवळ गेली.

"नगमा, तू कधीपासनं ओरडतीस अशी?"

"पयल्या मॅचपासनं!" नगमानं कपाळाला हात लावला. "घसा बसला माझा! तुझ्या आप्पांच्या 'हाण'खाली माझं सगळं गाडलं जातंय. मी तिकडं मोकळी उभी, आणि तू लांबूनच हाणून मोकळी!"

इशूला कट्ट्यावरचं सगळं आठवलं. रस्सा, दिशा, मॅडम... आणि 'आम्ही हाण म्हणतो तवाच.'

सापडलं! कोल्हापूरभर ज्याचा तपास चालला होता, ते सापडलं! गॅलरीला लांबून अंतर कळत नाही. चेंडू पायावर आला की यांच्या जिभेवर 'हाण' येणार. आणि ही आज्ञाधारक पोर, तिथून हाणायचं असो वा नसो, हाणणार!

वेळ संपत आली. चेंडू पुन्हा इशूकडं. डीच्या बाहेर. समोर दोघी आडव्या. जुन्या सवयीनं तिचा उजवा पाय मागं गेला. वर गॅलरीत आप्पा उभे राहिले, तोंड उघडलं, छाती भरली — 'हा'सुद्धा ओठांवर आला! आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं!

त्या शांततेत तो चिरका आवाज आला, "इशू!"

आप्पांनीही ऐकला तो. पहिल्यांदाच.

इशूचा पाय खाली आला. हाणला नाही. चेंडू नुसता सरकवला, आई बाळाच्या पुढ्यात वाटी सरकवते तसा. नगमा धावली — आणि गोल!

तोंड मिटता कान उघडे, कान उघडता वाट सापडे।
वाट सापडता चेंडू पडे, जाळीमध्ये॥

म्हणा की माझ्याबरोबर! टाळकरी मंडळी, जोरात! इथं नवस नाहीये तुम्हाला!

पण त्यांना होता ना! डोळ्यांपुढं आणा, मंडळी. गोल झालाय, आणि अख्खी गॅलरी मुकी! माणसं नाचतायत, एकमेकांना उचलतायत, बापूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आवाज फक्त चपलांचा! आप्पा समोर दिसेल त्याला मिठी मारत सुटले. पंचालासुद्धा सोडणार नव्हते, मध्ये जाळी होती म्हणून वाचला! नाद खुळा!

संघ पुढच्या फेरीत गेला. पण इशू काही नाचेना. का? गोल कुणी घातला? नगमानं! आणि आप्पांची अट काय होती? गोल इशूनं घालायचा. बूट तर माळ्यावरच जाणार!

ती घरी आली. बूट दाराशी काढले, आईजवळ जाऊन उभी राहिली. आई देवीच्या ओटीचं ताट भरत होती. तेवढ्यात आप्पा आले, ओटी घेऊन देवळात जायला. मौन अजून सुटलं नव्हतं. त्यांनी बुटांकडं बघितलं. इशूकडं बघितलं. वाकले, आणि बूट उचलले!

इशूनं आईचा पदर धरला.

आप्पांनी माळ्याकडं एकदा बघितलं... आणि पायरीवर बसले. खिशातून टेस्टर काढला. वायरी तपासायचा तो! आणि बुटाच्या तळाला चिकटलेली माती एकेका खाचेतून काढायला लागले. काम करता करता त्यांनी डाव्या बाजूला बोट दाखवलं, मग कानाला हात लावला. म्हणजे, डावीकडून कुणीतरी हाक मारत होतं, ती मी ऐकली. एवढंच.

इशूनं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला, तो आईलासुद्धा ऐकू आला.

मंडळी, क्षणभर चिपळ्या थांबवते. तुम्हाला वाटेल, देवीनं गोल दिला. हो, दिला! पण तिनं पाय नाही हलवला कुणाचा. तिनं फक्त तोंडं धरली. आता मला सांगा, तुमच्या घरात असा सामना रोज नाही का चालत? पुस्तक उघडलं की 'हाण!' पेपर आला की 'हाण!' मूल बिचारं डीच्या बाहेर उभं, आणि गॅलरी भरलेली! मी गप्प बसा म्हणत नाही. माया आहे, ती बोलणारच. आम्हालाही तुमच्या आवाजाशिवाय करमत नाही. पण पाय उचलायची वेळ येते ना, तेवढा एक क्षण आमचा ठेवा. तेवढ्यात आम्हाला कुणाची तरी हाक ऐकू येत असते. तुमच्या-आमच्यातलं वैर नाही हे, फक्त जागेचं अंतर आहे. तुम्ही गॅलरीत, आम्ही मातीत.

मान डोलवू नका नुसती! उद्या सकाळी शाळेच्या रिक्षाच्या वेळेला बघते मी कोण किती डोलवतंय ते!

आणि आता आख्यान जिथं पोचायचं, तिथं पोचवते. आप्पा बूट साफ करतायत. आई हसून म्हणाली, "काय बोलायचंय ते आत्ताच बोल गं. देवळातनं परत येईपर्यंत तुझे आप्पा उलटून बोलायचे नाहीत!"

इशूनं पदर सोडला. दोघांच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आप्पा, ऐका. मी फुटबॉल सोडणार न्हाई. बारावीचा अभ्यास पहाटे उठून करतो, पण खेळणार. आणि पुढच्या मॅचपासनं मी फॉरवर्डला न्हाई, मधल्या फळीत खेळणार. गोल नगमा घालंल. तिला चेंडू मी देणार. मुल्ला मॅडमना सांगूनच आलोय."