खाज्यावरचा लाल ठिपका

लेबल नीट केलं की माणसं नीट खातात, हे मी परवापर्यंत शपथेवर सांगितलं असतं. मालवणात आमचं खाज्याचं दुकान. शेजारच्या आबांना डायबेटिस, आणि गुळाचं खाजं म्हणजे जीव की प्राण! म्हणून मी हौसेने पाकिटावर समोरच ठसठशीत लाल ठिपका छापून घेतला. गोड जास्त आहे, हे लांबूनच कळावं.

सोमवारी आबा आले, पाकीट उचललं, ठिपका बघितला आणि गुपचूप परत ठेवलं. मी नवऱ्याला म्हटलं, "बघितलंस? ही लेबलाची कमाल!"

बुधवारी आबांनी दोन पाकिटं पिशवीत टाकली.

"आबानू, लाल ठिपको दिसलो नाय?"

"दिसलो मा! म्हणान तर सोमवारी घेवक नाय. हिरवो ठिपको शाकाहारी, लाल म्हणजे वशाट. सोमवारी माका चलना नाय."

"खाज्यात मासो खंयसून येतलो, आबानू? गोड जास्त आसा, म्हणान तो ठिपको!"

आबांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू!

"म्हणजे खाजा सोमवारीय चलता? मगे आजून एक दी गो!"