भिंतीकडे तोंड करून

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ घड्याळजी, जुन्या घड्याळांच्या नादापायी घरच्यांची बोलणी खाणारे सर्व संग्राहक, ती बोलणी सुनावणारी घरची मंडळी, आणि आज निवृत्त होणारे, जुनी घड्याळं अस्सल की नकली ते पारखणारे आपले परीक्षक, म्हणजे माझे सासरे,

सुनेनं सासऱ्यांबद्दल चारचौघांत बोलायचं म्हणजे तारेवरची कसरत. कौतुक केलं तर घरचंच म्हणून सोडून द्याल, नाही केलं तर मला रात्री घरी तोंड दाखवायचंय!

आमच्या दुकानातलं तपासणीचं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे, हे आपण जाणताच. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, काय हा शिष्टपणा! पण बाबा म्हणतात, "मालकाचा चेहरा बघितला की जीभ अडखळते. आधी घड्याळ बघावं, बोलावं, मग वळावं."

लग्नानंतर मी दुकानात चहा घेऊन जात असे. एकदा त्यांच्या हातात क्रोनोग्राफ होतं, बाजूच्या दोन बटणांनी वेळ मोजायचं मनगटी घड्याळ. मी सहज म्हणाले, "बाबा, ही बटणं सख्खी भावंडं नाहीत वाटतं. एकाची टोपी जरा फुगीर आहे." त्यांनी कप बाजूला ठेवला, भिंग लावलं आणि शेजारी एक स्टूल ओढलं. चहा गार झाला, मी मात्र त्या स्टुलावरून आजतागायत उठलेली नाही. आमच्या यजमानांचा घड्याळाशी संबंध जेवणाच्या वेळेपुरता, तेव्हा वारसा असा आडवळणानं आला.

उद्यापासून बाबांच्या खुर्चीवर मी बसणार. हिच्या शब्दावर घड्याळ घ्यावं का, ही कुजबुज माझ्या कानावर आली आहे. रास्तच आहे. धाकधूक मलाही आहे.

मघाशी अध्यक्षांनी स्वतःच्या संग्रहातलं क्रोनोग्राफ बाबांना भेट दिलं. परीक्षकाला जुनं घड्याळ! असलं धाडस आपलंच संग्राहक मंडळ करू जाणे. बाबांनी ते निरखलं, डबी मिटली, भिंगासकट माझ्याकडे सरकवली आणि हळूच म्हणाले, "भाषणात सांग." आता गोड बोलावं तर खुर्चीला अर्थ उरत नाही, खरं बोलावं तर अध्यक्ष रुसायचे. करायचं काय?

अध्यक्ष महोदय, क्षमा असावी, क्षणभर आपल्याकडे पाठ करते.

तबकडी मूळची आहे. बटणंही मूळची. मधला लांब काटा मात्र दुसऱ्या घड्याळाचा आहे. त्याचं टोक काठावरच्या सेकंदांच्या रेघांना टेकायला हवं, ते अलीकडेच थांबतं. बाकीच्या काट्यांवरचा चमकता लेप वयानं पिवळा पडलाय, याचा पांढराशुभ्र आहे. घड्याळ टाकाऊ नाही. जोडीचा काटा शोधू, मिळेल.

वळू का आता?

अध्यक्ष चक्क हसताहेत! काय म्हणालात? "घरी अजून बरीच आहेत, उद्या घेऊन येतो"? या, अवश्य या! आणि बाबा, तुम्ही मान डोलावलीत ती सगळ्या सभागृहानं पाहिली, बरं का. मला फार भरून आलंय. खुर्ची मी घेतली तरी शेजारचं स्टूल हलवणार नाही. चहाच्या वेळी येत जा.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. काट्याबद्दल मात्र माफी मागत नाही.