कारखान्यातली किंकाळी

"मावशी, त्या बंदी आलेल्या भुताच्या फिल्ममधली किंकाळी तुमचीच ना?"

बँड काढायला निघालेल्या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून दातांच्या दवाखान्यात नावं पुकारणाऱ्या मावशींना मी विचारलंच. गाल सुजलेले एक काका फिस्सकन हसले.

"हिचीच! आमच्या बँडमध्ये ही गायची, मी ड्रमर होतो. यंत्रांच्या खणखणाटावर आमची गाणी, आणि कॅसेटसोबत ती भुताची फिल्म."

"कारखान्यात शूटिंग. खोटं प्रेत बघून मला हसूच फुटायचं," मावशी म्हणाल्या.

"आणि मग काय किंचाळलीस, बाई!"

"दारात माझे बाबा उभे होते रे!"

"लोकांना वाटलं, खराच खून झाला. म्हणून तर बंदी आली."

"काय दिवस होते!"

"पुन्हा गायलीस कधी?"

"बाबांनी गाऊ दिलं असतं तर ना."

घरात शिरताच मी जाहीर केलं, "आई, बाबा, मी बँडमध्ये गाणार. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."