बाईंनी धरलेला अंगठा

सासू : सूनबाई, आल्यापासून बघतेय. चप्पल एक इकडे, एक तिकडे. आता ती भाजी चिरतेस की तिच्यावर सूड उगवतेस? शाळेतला राग शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यावा माणसानं.

सून : आई, आज नको.

सासू : नको कसं? भांडी माझी आपटतायत.

मुलगा : आई, उद्या शाळेत चौकशी आहे. हिच्या वर्गातल्या एका मुलीला काढून टाकायचं का, ते ठरणार आहे.

सासू : काय दिवे लावले तिनं?

सून : मैत्रिणींच्या ग्रुपवर माझ्याबद्दल लिहिलं. रात्री, घरी बसून.

सासू : शिव्या?

सून : जाऊ द्या ना.

मुलगा : लिहिलंय, बाईंना घरी सासू धारेवर धरते, म्हणून त्या आमच्यावर खेकसतात.

सासू : अगं बया! कार्टीनं मलाही सोडलं नाही? पण घरी लिहिलेलं तुला कसं दिसलं गं?

सून : तासाला बाकाखाली फोन बघत होती. मी काढून घेतला.

सासू : फोनला कुलूप असतं. ह्या घरातला एक तरी मला उघडतो का?

सून : उघडला.

सासू : कोणी?

मुलगा : आई, मुद्दा तो नाहीये.

सासू : तू गप रे. मी हिला विचारतेय.

सून : मधल्या सुट्टीत तिला थांबवून घेतलं. तिचा अंगठा धरला आणि फोनवर दाबला. ती हात ओढत होती.

मुलगा : नियमाप्रमाणे फोन बंद करून मुख्याध्यापकांकडे द्यायचा, आईबापांना बोलवायचं. आत बघायचा हक्क शिक्षकाला नाही. म्हणून मी हिला म्हणतोय, उद्या एवढंच सांग, तिनं आपणहून उघडून दिला. वर्गात दुसरं कोणी नव्हतं.

सासू : ती पोरगी काय सांगतेय?

सून : खरं तेच. कोणी विश्वास ठेवत नाहीये.

मुलगा : खरं सांगितलं तर हिच्या नोकरीवर येईल, आई.

सासू : आणि खोटं सांगितलं तर?

सून : तर ती जाईल. शाळेचं शेवटचं वर्ष आहे तिचं. आता दुसरी शाळा दारात उभं करणार नाही.

सासू : ती सुरी ठेव खाली. ठेव म्हणते ना!

(सुरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज.)

सासू : तुझे सासरे गेले, त्याच महिन्यात माझ्या दिरानं माझा अंगठा असाच धरला. शाईत बुडवला, कागदावर दाबला. कशावर, ते मागाहून कळलं. दुखलं नाही गं. पण जेवायला बसले की तो हात दुसऱ्याचा वाटायचा.

मुलगा : हे तू कधी बोलली नाहीस.

सासू : तू विचारलंस कधी?

सून : आई, तिनं तुम्हालाही नावं ठेवली. तरी तिचीच बाजू घेताय?

सासू : नावं कसली? धरतेच की मी धारेवर. आत्ता काय चाललंय?

सून : नोकरी गेली तर?

सासू : गेली तर आपण बघू, त्याला मी आहे अजून. पण तू चुकलीस, सूनबाई. त्या पोरीच्या आईसमोर उभी राहा आणि सांग, हात मी धरला.