गादीवर कोण

(जुन्नरच्या बाजारपेठेतलं कापडाचं दुकान, दुपार. गादीवर रिंकू. भिंतीला टेकून तिचे वडील फतेचंद. लकव्यानं त्यांचा डावा हात मांडीवर पडून असतो. पायरीपाशी थोरला भाऊ कल्पेश, बूट घालून उभा.)

कल्पेश : न विचारता शब्द टाकला, ते चुकलं असेल. पण नोकरी चांगली आहे. ओतूरची शाळा, सातवी-आठवीला मराठी. सोमवारी हजर व्हायचं.

रिंकू : मी अर्ज केला होता?

कल्पेश : पप्पांना लकवा झाला, तुझी शाळेतली नोकरी सुटली, तेव्हा रोज फोन करून रडायचीस. मला या कपाटांत पुरून टाकलं, म्हणायचीस. आता मी तुला मोकळं करतोय तर तोंड वाकडं.

रिंकू : तेव्हा तू काय म्हणाला होतास?

कल्पेश : तेव्हा माझं वेगळं होतं.

रिंकू : म्हणालास, तू तर घरातच असतेस, तुझं काय अडलंय? करिअर माझं आहे. एवढं बोलून फोन ठेवलास.

कल्पेश : जुनं उकरू नकोस. मी आता कायमचा आलोय. पुण्यातली पळापळ नकोशी झाली, आपल्या माणसांत राहावंसं वाटलं, म्हणून सोडलं सगळं.

रिंकू : वहिनी म्हणाली, कंपनीनं काढलं.

कल्पेश : तिला काय कळतं त्यातलं?

रिंकू : तिला इतकंच कळलं, की काढल्यावरही तू महिनोन्‌महिने डबा घेऊन घरातून निघायचास. कुठल्यातरी बागेत बसून खायचास आणि संध्याकाळी परत यायचास.

कल्पेश : पप्पा, ऐकताय ना हिची भाषा?

फतेचंद : ऐकतोय. कान धड हायेत माझे.

कल्पेश : मग तुम्हीच सांगा. मुलगा मी आहे. ही आज ना उद्या सासरी जाणार, मग काय नोकरांच्या हाती दुकान देणार? मोबाईलवर साड्या दाखवल्या तर आपला माल कुठच्या कुठं जाईल. ते मला येतं, हिला येत नाही.

रिंकू : येत नाही, खरंय. तुला येतं तर तू ते कर, मी आडवी येणार नाही. पण गादीवरून उठणार नाही.

कल्पेश : अगं, पण तुलाच नको होतं ना हे?

रिंकू : नको होतं. सकाळी अर्धं ताट टाकून दुकानात यायचे. दिवाळी झाली की सोडायचं, असं ठरवूनही टाकलं होतं. त्या आठवड्यात पिंपळवंडीचे धर्माजी आले. एकटेच. बायको सकाळी गेली होती, सगळी भावकी अंगणात खोळंबली होती. हिरवं लुगडं पाहिजे म्हणाले.

कल्पेश : बरं, मग?

रिंकू : सवाष्ण गेली की हिरवं नेसवतात, ते नेहमीचंच. पण त्यांनी सगळी हिरवी काढायला लावली. जन्मात बायकोसाठी कधी कापड घेतलं नव्हतं, तीच घ्यायची. प्रत्येक लुगड्याला विचारायचे, हे तिच्या अंगावर कसं दिसंल. मला काही सांगता येईना. शेवटी एक उलगडलं आणि स्वतःच्या खांद्यावर घेऊन उभी राहिले. ते किती वेळ बघत बसले. मग म्हणाले, बास, हेच. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

कल्पेश : म्हणजे मढ्याच्या लुगड्यावरून तू आयुष्य ठरवलंस.

रिंकू : तुला पटावं म्हणून नाही सांगितलं. विचारलंस म्हणून सांगितलं.

फतेचंद : मी हितंच बसलो व्हतो. लई बोललो हिला. कुवार पोरीनं मढ्याचं लुगडं अंगावर घेतलं म्हणून घरी पाठवून आंघोळ करायला लावली.

कल्पेश : बरोबरच केलंत.

फतेचंद : गप. माझं झालं न्हाई अजून. मी गादीवर असतो ना, तर हाताला लागंल ते हिरवं पुड्यात घालून धर्माजीला वाटंला लावला असता. जन्मभर तेच केलं. मला हे दुकान कधी आवडलंच न्हाई.

रिंकू : काय बोलताय पप्पा?

फतेचंद : एक दिवस न्हाई. बापानं बसवलं, मी बसलो. सकाळी कुलूप काढायच्या आधी चावी घेऊन पायरीवर बसून ऱ्हायचो. मला वाटायचं, सगळेच बसत आसतील, कामधंदा म्हंजे आसंच. आन ही पोरगी गुणगुणत कुलूप काढती. त्याचा मला राग यायचा. लई राग यायचा.

कल्पेश : मग मला द्या. मी आवडीनं करीन.

फतेचंद : आल्यापास्नं तू एका साडीला हात लावला न्हाईस. पायातला बूटबी काढला न्हाईस. मी बसलो तसाच तू बसायला आलायस, दुसरीकडं जागा न्हाई म्हणून.

कल्पेश : म्हणजे दुकान हिला दिलंत.

फतेचंद : दिलं. वकिलाला बोलवा. सहीचा हात चालतोय माझा.

कल्पेश : सख्ख्या मुलाला बाहेर काढलं, याचा सगळ्या बाजारपेठेत बोभाटा होईल मग.

रिंकू : होऊ दे. डब्याचाही होईल.

फतेचंद : रिंके, तेवढं नको.

कल्पेश : बोलू द्या तिला. आता ती मालकीण आहे. मी फक्त एवढंच विचारतो, चाळिशीला आलेल्या माणसानं आता करायचं काय?

फतेचंद : ते मला नको विचारू. मला सुचलं असतं तर मी हितं कशाला बसलो असतो?

रिंकू : दादा, बाहेर गाडी थांबलीय, बायका उतरतायत. बूट काढून वर ये, नाहीतर दारातून बाजूला हो.